बोर्ड गेला

शहादेवने टीव्हीच्या पाठीचा शेवटचा स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं, तशी तो घेऊन आलेली चतुराबाई आत डोकावली.

"सर्विस सेंटरवाला म्हनला, बोर्ड गेला, नवा टीव्ही घ्या. वारंटी बी आठ दिवसाखाली सरली म्हने."

"कवा घेतलता?"

"गेल्या दसऱ्याच्या आधी. पन भाऊ, सा म्हैने तर आमी ऊसतोडीला होतो. ह्यो गोधडीत बांधून कुलपात. वापरलाच न्हाई, तर वारंटी कशी सरली?"

धारूरच्या पेठेत वीस वर्षं टीव्ही उघडणाऱ्या माणसाला एवढ्या सरळ प्रश्नाचं उत्तर येऊ नये, याचाच शहादेवला राग आला. त्याने बोर्डाला मीटर लावला. सगळं ठीक होतं. टीव्ही फक्त कंपनीचं नाव दाखवून तिथंच अडकत होता.

"अपडेट चालू असताना लाइट गेलती का?"

"गेलती की."

"मंग बोर्डाला काय बी झालं न्हाई, अक्का. आतलं सॉफ्टवेअर अर्धवट ऱ्हायलंय. ते पुन्हा भरलं की झालं."

"परवा टोळीची गाडी येनार. पोरगी शिवकन्या धाव्वीला हाय, आजीपाशी ठेवायचीय. ह्याच्यावर गणिताचे तास बघती. टीव्ही न्हाई तर मी बी उसाला येते म्हनून बसलीय."

शहादेवने सर्विस सेंटरला फोन लावला. त्या बोर्डाचं सॉफ्टवेअर तेवढं द्या, म्हणाला. पलीकडचा माणूस शांतपणे बोलला, "बाहेर देता येत नाही. बोर्ड गेला म्हणून सांगा त्यांना."

"कावून सांगू? न उघडता बोर्ड गेला म्हनता, लाज वाटत न्हाई का बे? चार स्क्रू काढायला हात झिजतेत का तुमचे?"

फोन कट झाला. शहादेवची कानशिलं तापली होती. गरिबाचा टीव्ही म्हणजे ह्यांना भंगारच वाटतो, असं पुटपुटत तो स्टुलावर चढला. फळीवर ह्याच मॉडेलचा एक टीव्ही उन्हाळ्यापासून पडून होता. त्यावर त्याच्याच अक्षरात, फोन नंबरासकट पट्टी होती: बायनाबाई, बोर्ड गेला. दुरुस्त होत नाही म्हटल्यावर बाई तो तिथंच सोडून गेली होती. बोर्ड मेला असला तरी त्यातली मेमरी शाबूत असेल, तिची कॉपी करता येईल, असा त्याचा हिशेब होता. स्क्रूवरचं कंपनीचं कागदी सील फाडून त्याने बोर्ड काढला आणि बघू तरी म्हणून चतुराबाईच्या टीव्हीत बसवला.

पडदा उजळला.

"झाला की, भाऊ," चतुराबाई म्हणाली.

गेला म्हणून पट्टीवर लिहिलेला बोर्ड धड होता. शहादेवने बायनाबाईच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय तपासला. एक कपॅसिटर फुगला होता, दहा मिनिटांचं काम. फाटलेलं सील अजून त्याच्या बोटाला चिकटून होतं. उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, त्याने नुसतं बटण दाबून बघितलं होतं. तुमी म्हनता म्हंजी तसंच असंल, असं म्हणून बाई डोक्यावर पदर घेत उन्हात निघून गेली होती.

दुपारपर्यंत त्याने त्या बोर्डातलं सॉफ्टवेअर चतुराबाईच्या बोर्डात भरलं आणि तिचा बोर्ड तिच्या टीव्हीत परत बसवला. टीव्ही चालू झाला. ती गोधडीत तो गुंडाळू लागली.

"त्या सर्विसवाल्याला पुन्हा फोन करून चांगला झापा, भाऊ. न बघता सांगतेत मेले."

शहादेवने फोन उचलला. नंबर मात्र पट्टीवरचा लावला.

"बायनाबाई, मी शहादेव, धारूरहून. तुमचा टीव्ही..."

"त्येचा तर बोर्ड गेला म्हनला होता तुमी."

चतुराबाईचे गाठ मारणारे हात थांबले.

"म्हनलो होतो," शहादेव म्हणाला. "उघडला नव्हता."