पिवळ्या हेल्मेटचा साहेब

मंजुळाबाईनं जन्मात कधी बंदूक धरली नव्हती, पण मुखेड तालुक्यात तिचा आवाज एका फौजीच्या तोंडून घरोघर ऐकू यायला लागला.

ही करामत तिच्या लेकीची, जयाची. लातूरहून बीएस्सी करून आलेली जया मोबाइलवर गोळीबाराचा गेम उघडायची, पण लढायची नाही. लातूरला राहणारा मावसभाऊ भारत तिकडून आत यायचा. दोघं मिळून दोन फौजी एका पडक्या भिंतीपाशी उभे करायचे आणि जया स्क्रीन रेकॉर्ड करायची. हेल्मेटमुळे फौजींची तोंडं दिसत नसत. ते नुसती मान हलवायचे आणि त्यावर मागून आवाज चढवायचा. एकाला भारतचा, दुसऱ्याला मायचा.

जया हे भाग इंटरनेटवर टाकायची. मालिकेचं नाव ‘थांब्यावरची फौज’. दोन फौजी एसटीची वाट बघतात आणि एसटी येत नाही, एवढीच गोष्ट.

“गाडी कव्हा येते हो?” भारतचा फौजी विचारायचा.

“इमानं येऊन राहिले, रणगाडे येऊन राहिले. गाडीचंच तेवढं जमंना,” मंजुळाबाईचा फौजी म्हणायचा.

पुढं जयानं तिसरा फौजी आणला, पिवळ्या हेल्मेटचा साहेब. तो पॅराशूटनं उतरायचा आणि समोर दिसेल त्याचं उद्घाटन करायचा. भिंतीचं, झाडाचं, एकदा तर जळत्या जीपचं. त्याला आवाजच नव्हता. तो टुणकन उठायचा-बसायचा आणि हवेत गोळ्या झाडायचा. मंजुळाबाईचा फौजी म्हणायचा, “मारा टाळ्या, न्हाईतर पुन्हा उतरंल!”

हे वाक्य बाजारात भाजीवाल्यांच्या तोंडी गेलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तालुक्याचे पुढारी अण्णाराव यांनी जयाच्या गावच्या थांब्याचं तीनदा उद्घाटन केलं होतं. पायाभरणीला, भिंती झाल्यावर आणि नावाची पाटी लागल्यावर. वर पत्रे मात्र अजून पडले नव्हते.

आणि अण्णारावांची गाडी चालवायचे जयाचे वडील, रामकिशन.

एकदा भर बाजारात कुणीतरी गाडीकडे बघून ओरडलं, “साहेब, आज पॅराशूट न्हाई आणलं का?” लोक खो खो हसले. अण्णारावांनी काच वर केली आणि ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत म्हणाले, “रामकिशन, रविवारी थांब्याला रंग दिल्याचा कार्यक्रम हाय. तुझ्या पोरीनं तिथं माईकवर माफी मागायची अन् ते व्हिडिओ पुसायचे. न्हाईतर गाडीची चावी देऊन टाक.”

रामकिशननं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

“मग तुम्ही काय म्हनले?” मंजुळाबाईनं विचारलं.

“हाव म्हनलो. दुसरं काय म्हनणार?”

“मला इचारलं? बोलले तर मी. पोरगी कशापायी माफी मागंल?”

रामकिशन मान खाली घालून बसला. बापाला असं बसलेलं जयानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मोबाइल हातात घेतला, व्हिडिओ पुसायचं बटण समोर होतं. अंगठा तिथपर्यंत गेला आणि थांबला. मग ती म्हणाली, “येते मी रविवारी. मागते माफी.”

मंजुळाबाई रविवारपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

रविवारी थांब्यासमोर मांडव घातला होता. फीत कापून झाली, नारळ फुटला, हार झाले. मग जयाला बोलावलं. तिनं माईक हातात घेतला. समोर अख्खं गाव आणि कडेला गाडीपाशी बाप उभा.

“आमची चूक झाली,” ती म्हणाली. अण्णाराव खुर्चीत सैल झाले. “आम्ही असा साहेब दाखवला, जो एकाच थांब्याचं पुन्हा पुन्हा उद्घाटन करतो अन् पत्रे काही टाकत न्हाई. असा माणूस जगात असंल तरी का? आम्ही कुणाचंच नाव घेतलं न्हाई. तरी इथं कुणाला वाटत असंल की तो साहेब मीच हाय, तर त्यानं हात वर करावा. मी आत्ता पाया पडून माफी मागते.”

ती अण्णारावांकडे बघत थांबली.

कुणाचाच हात वर झाला नाही. अण्णारावांचा खुर्चीच्या दांडीवर होता, तिथंच राहिला. मागून एक म्हातारी फिसकन हसली आणि मग हसू मांडवभर पसरलं. जयानं माईक टेबलावर ठेवला आणि खाली उतरली.

अण्णाराव तडक गाडीपाशी गेले आणि हात पुढं केला. रामकिशननं चावी दिली. आतून आपला डबा आणि पाण्याची बाटली काढून घेतली आणि बायको-लेकीच्या मागं घराकडे निघाला. जयाला वाटलं, आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही.

जेवताना त्यानं एकदम विचारलं, “तुझा साहेब मुका कामून हाय?”

जया चाचरली. “त्याचा आवाज कोन काढणार?”

रामकिशननं ताट बाजूला सारलं, उभा राहिला, पोट पुढं काढलं आणि घसा खाकरला. “तर मायबापहोऽ, आज ह्या ठिकाणीऽ, ह्या पवित्र ठिकाणीऽ...” इतकी वर्षं स्टेअरिंगवर बसून ऐकलेलं सगळं भाषण त्यानं न अडखळता म्हणून दाखवलं. मंजुळाबाईला हसता हसता ठसका लागला.

पुढच्या भागात साहेब बोलला. तो भाग नांदेडपासून निलंग्यापर्यंत फिरला.

रामकिशन आता मुखेड-कंधार जीप चालवतो. पैसा पहिल्यापेक्षा कमीच. प्रवासी आग्रह करतात आणि तो चालवता चालवता भाषण ठोकतो. परवा अरुंद पुलावर समोरून अण्णारावांची गाडी आली. जीपमधल्या लोकांनी माना खाली घातल्या. दोन्ही गाड्या घासून जाताना रामकिशननं आवाज आणखी चढवला, “ह्या पवित्र पुलावरऽ, मायबापहोऽ!”

समोरच्या गाडीची काच झरकन वर गेली.