पंच्याण्णवावा गुण

पेन्सिल आता बोटाएवढीसुद्धा उरली नव्हती, आणि तिच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा इतक्या दाट होत्या की कुणी ती लिहायला नव्हे, कुरतडायलाच विकत घेतली असावी... लोर्नने ती खिळ्यांच्या खोक्याशेजारी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. तिच्याखाली लीगचा गुणदुरुस्तीचा कागद होता, कोरा. पाचच्या आत तो भरून पाठवायचा किंवा नाही पाठवायचा, एवढंच तर होतं. आणि एवढ्यासाठी गावाने सकाळपासून त्याचं डोकं खाल्लं होतं.

एकोणीस हिवाळे तो गावाच्या ज्युनिअर आइस हॉकी संघाच्या सामन्यांना रिंकवर गुण लिहायला बसत होता. फुकट — म्हणजे एक कॉफी आणि एक हॉटडॉग, तोही गार. गोल झाला की गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी चकती ज्या दोघांच्या स्टिकला लागून आली त्या दोघांनाही एकेक. ते दोघे कोण, हे लोर्नने ठरवायचं. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना, त्यातला शेवटचा गोल, आणि गाव म्हणत होतं की त्यातली एक स्टिक संघातल्या काल्डरची होती. लोर्नने तो गुण कुणालाच दिला नव्हता. काल्डरचे मोसमाचे गुण राहिले चौऱ्याण्णव. गावाचा विक्रमही चौऱ्याण्णवचाच, सदतीस वर्षांपूर्वीचा. तो लोर्नचा होता.

सकाळी अंडी ताटलीत सरकवता सरकवता डार्लीन म्हणाली होती, "देऊन टाक ना रे एक गुण. तुझ्या घरचं काय जातंय?"

"घरचं जातंय म्हणून देत नाही, असं कोण म्हणतंय?"

"कुणीच नाही," बायको म्हणाली. "सगळं गाव."

मग बाहेर उणे तीस, इंजिन गरम ठेवायची गाडीची वायर रात्री लावायची राहून गेलेली, म्हणून इंजिन मख्ख. चालत हार्डवेअरच्या दुकानात आला तर दार उघडण्याआधीच पोस्टातली व्हर्ना उभी. तिला म्हणे हीटरची जाळी हवी होती. जाळी तिने हातातसुद्धा घेतली नाही. "माझ्या जागेवरून स्वच्छ दिसलं बाई मला! अशी टप्पकन लागली त्याच्या स्टिकला." ही व्हर्ना, जिला समोरच्या पाटीवरची किंमत वाचायला दोन चष्मे लागतात, आणि जी बसते रिंकच्या पार पलीकडच्या टोकाला! तिचं झालं तोच प्रशिक्षक ड्युएनचा फोन. "तुझा फोटो कुणी रिंकच्या भिंतीवरून उतरवत नाहीये रे लोर्न. जरासा खाली सरकवतील, इतकंच."

खाली सरकवतील... जसं काही त्या फोटोतल्या मिशीवाल्या पोराचं त्याला फार कौतुक होतं! खरं सांगायचं तर त्याला वीट आला होता. ज्याला त्याला गुण लिहायच्या त्या टेबलाशी काय घडलं ते माहीत होतं, टेबलाशी बसलेला एकटा तो सोडून. ड्युएनने पाठवलेला व्हिडिओ त्याने जेवणाच्या सुट्टीत अकरा वेळा पाहिला. रिंकचा कॅमेरा एकच. त्यात तीन पोरांच्या पाठी, आणि मग जाळ्यात चकती. बस.

आणि तेव्हा तर कॅमेराही नव्हता... सत्त्याऐंशीचा मार्च, त्याचाही शेवटचा सामना, टेबलाशी म्हातारा ऑस्कर, आणि भोंग्यातून अचानक आपलं नाव — चौऱ्याण्णवावा! सगळे येऊन अंगावर पडले, मीही ओरडलो, हात वर केले. चकती लागली होती का मला? हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे लग्नात, कर्लिंग खेळायच्या क्लबात, पोरांच्या वाढदिवसांना तो ती गोष्ट सांगत गेला, "अशी हलकेच, स्टिकच्या पात्याच्या टोकाला," आणि सांगताना प्रत्येक वेळी उजव्या तळव्यात ती बारीक थरथर यायची. ती खोटी कशी असेल?

साडेचारला काल्डर आला. एकोणीस वर्षांचा, गालावर टाके, अंगात संघाचं जाकीट. स्टिकला गुंडाळायची पट्टी घेतली, काउंटरवर ठेवली, आणि तिथेच घुटमळला.

"लोर्नकाका, एक विचारू?"

झालं, लोर्नच्या मनात आलं, आता हाही. "विचार."

"तुम्हाला काय दिसलं?"

दिवसभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. जो तो सांगत होता. लोर्नने पेन्सिल उचलली आणि नकळत दातांत धरली. व्हिडिओच्या डाव्या कोपऱ्यात, कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं अशा जागी, तो स्वतः असाच बसलेला होता. दातांत पेन्सिल. मान खाली. चकती काल्डरकडे निघाली तेवढी त्याने पाहिली होती, आणि मनात स्वच्छ म्हणाला होता, लागू नये. मग कागदाकडे बघितलं होतं. अकरा वेळा तो त्या तीन पाठी बघत नव्हता. हे बघत होता.

"तूच सांग," तो म्हणाला. "लागली का?"

काल्डरने जरा विचार केला. "शनिवारी वाटलं, नाही लागली. पण मग आई म्हणाली लागली, कोच म्हणाले लागली, व्हर्नाबाई तर शपथेवर सांगतायत... आता ना, काका, इथे जाणवतंय." त्याने उजवा तळवा पुढे केला. "बारीकशी थरथर. मजाच आहे नाही?"

पट्टी खिशात घालून तो गेला. दारातून आलेला गारठा काउंटरपर्यंत आला. फोन वाजू लागला, व्हर्ना असेल नाहीतर ड्युएन, आणि लोर्नला सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही. कुणाचाच आला नाही. पाचाला दहा कमी होते. कागद कोरा होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली, उजवा हात उघडून दिव्याखाली धरला, डोळे मिटले, आणि म्हाताऱ्या ऑस्करला, भोंग्याला, पात्याच्या टोकाला एकेक करून आठवून पाहिलं... तळवा गार होता. त्यात काहीच आलं नाही.