पडद्यावरचं ‘अहो’

मित्रांनो, माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेले आहेत आणि पोटात आता सिमही नाही. मी ग्वाल्हेरच्या दौलतगंजमधला एक जुना मोबाइल. तुमच्या फोनांपुढे मी म्हणजे म्हातारा बैल, पण एके काळी या घरचा चहा माझ्या घंटीवर उकळत असे.

मला आणलं भालचंद्ररावांनी, त्यांच्या पत्नी शामलाताईंसाठी. ते सराफ्यात दागिन्यांच्या दुकानी कारकून होते. संध्याकाळी दुकानातून निघताना ते एकच घंटी देऊन फोन कापत. ताई कधी उचलत नसत, नुसतं आधण ठेवत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा त्यांच्या आईचा दंडक, म्हणून माझ्यातही त्यांनी नाव भरून घेतलं ते ‘अहो’.

ती घंटी यायची कशी? मधमाश्यांच्या पोळ्यासारखे शहराचे कप्पे केलेले असतात. अशा कप्प्याला सेल म्हणतात आणि प्रत्येक सेल एक टॉवर सांभाळतो. माणूस चालत पुढे गेला की हा टॉवर त्याला पुढच्याच्या हाती सोपवतो. एका हिवाळ्यात, दुकानात बसल्या बसल्या, भालचंद्ररावांनाही असंच कोणीतरी पुढे सोपवलं. त्या संध्याकाळी घंटी आली नाही आणि आधणही ठेवलं गेलं नाही.

पुढे ताई रोज दिवेलागणीला तोच नंबर लावत. एक बाई हिंदीत सांगे, हा नंबर बंद आहे. तेव्हा मोबाइल कंपन्याही एकमेकींत विलीन होत होत्या. थोरले दीर तात्यासाहेब म्हणत, “रियासत गेली तशा ह्या पण गेल्या. पाटी बदलते, रयत तीच.”

मग एका संध्याकाळी पलीकडे चक्क घंटी वाजली. ताईंनी घाबरून फोन कापला. थोड्या वेळाने मी वाजलो, एकदाच, आणि माझ्या पडद्यावर उमटलं ‘अहो’. मित्रांनो, मी नंबर ओळखतो, माणूस नाही. ताई माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठून त्यांनी दोन कप चहा केला. दुसऱ्या कपावर साय धरली तरी तो त्यांनी ओतून टाकला नाही.

रोज तेच होऊ लागलं. दोन कप बघून त्यांची मुलगी लीला हबकली.

“आई, बंद नंबर कंपनी दुसऱ्याला देते ना. छत्तीसगड मध्य प्रदेशातून वेगळा झाला, पर मोबाइलचं सर्कल, म्हणजे कंपनीचा विभाग, दोघांचा एकच आहे. तिकडे किसी को मिला होगा. एकदा उचलून विचार तरी.”

“उचललं तर कोण आहे ते कळेल,” ताई म्हणाल्या. “मला कळून घ्यायचं नाही.”

पण मला फक्त टू-जी कळतं, मोबाइलची दुसरी पिढी. बोलणं आणि छोटे निरोप, बस्स. कंपनीने ते बंद करायचं ठरवलं आणि लीला फोर-जीचा फोन घेऊन आली. सिम म्हणजे ग्राहकाची ओळख, ती नव्या फोनात जाणार होती. ‘अहो’ मात्र माझ्या स्वतःच्या स्मृतीत होतं, ते माझ्यापाशीच राहणार होतं. माझ्या शेवटच्या संध्याकाळी मी वाजलो आणि ताईंनी पहिल्यांदाच हिरवं बटण दाबून “हॅलो” म्हटलं.

“अम्मा?” एका बाईचा आवाज आला. “मैं दुर्गा, रायपुर से. रोज आपकी घंटी आती है, तो मैं भी दे देती हूँ. लगा, कोई राह देखता होगा.”

“देखती थी, बेटी,” ताई म्हणाल्या. मग जे कधी विचारावंच लागलं नव्हतं, ते विचारलं, “घर पहुँच गई?”

“हाँ, अम्मा.”

नव्या फोनात कोणतं नाव घालू, असं लीलाने विचारलं. “दुर्गा घाल,” ताई म्हणाल्या.

आता आपली रवानगी भंगारात, असं मी धरून चाललो होतो. म्हणून तुम्हाला विनवतो, जुना फोन टाकण्याआधी त्यातली नावं एकदा वाचा. मला तर ताईंनी टाकलं नाही; त्या अजून दिवेलागणीला समईत तेल घालतात आणि मला चार्जिंगला लावतात.

“आई, ह्यात सिम नाही. कोणाचा फोन येणार?”

“कोणाचाच नाही,” ताई म्हणतात. “नाव विझायला नको.”