खंडोबाची बट

दोन वर्षांच्या पोराचा वाढदिवस, आणि त्यासाठी दोन दिवस, दोन पार्क आणि वर एक मुक्काम! साळूबाईला हा बेत पहिल्यापासूनच पटला नव्हता. ज्याला अजून स्वतःचा शेंबूड पुसता येत नाही, त्याला कऱ्हाडजवळचे सिमेंटचे डायनासोर कशाला बघायचे असतात? आणि सांगलीच्या वॉटर पार्कातलं पाणी काय वेगळं असतं? उंब्रजला घरामागं पाट वाहतोय. त्यात बसवला असता तरी पोरगा दिवसभर खूश राहिला असता.

पण सून अंकिता हट्टाला पेटली होती. सुनेचा हट्ट साळूबाईला नवा नव्हता, नवं होतं ते तिचं गोड बोलणं. "आत्ती, तुमी पन चला की. तुमच्याबिगर ऱ्हातोय व्हय त्यो?" सून एवढी गोड बोलायला लागली की सासूनं कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावाव्यात, असं साळूबाईचं ठाम मत होतं.

"गाडी कोन चालवनार?"

"शिवतेज येतोय की शिराळ्यासनं."

शिवतेज म्हणजे अंकिताचा धाकटा भाऊ, पोराचा मामा. मामाचं नाव निघालं आणि साळूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा आला म्हणजे मांडी आली, आणि मांडी आली म्हणजे जावळ.

वीरधवल सातव्याच महिन्यात जन्माला आला होता. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होता, उंदराच्या पिल्लाएवढा. बाप जयराज तेव्हा बर्फात, सीमेवर. साळूबाईनं दवाखान्याच्या पायरीवर बसून पालीच्या खंडोबाला नवस बोलला होता: पोरगं जगू दे, त्याचं जावळ तुझ्याच पायाशी काढीन, मामाच्या मांडीवर, बापाच्या डोळ्यांदेखत. पोरगं जगलं. पण बापाची सुट्टी दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. दोन्ही वेळा साळूबाईनं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, आणि दोन्ही वेळा चार-चार दिवस जेवली नव्हती. इकडं पोराचे केस खांद्यावर आले. दोन शेंड्या बांधल्या की बाजारात बायका म्हणायच्या, "नात लय ग्वाड हाय वं."

आणि अंकिताच्या माहेरची रीत वेगळी. तिकडची जावळं शिराळ्याच्या त्यांच्या देवीला. तिच्या थोरल्या बहिणीनं तर दोन्ही पोरांची जावळं माहेरातच उरकली होती. सासरच्यांना कळलं ते पोरांची टकली बघूनच.

निघायच्या आदल्या दिवशी साळूबाईनं अंकिताची पिशवी सहज उघडून बघितली. सहज म्हणजे, अंकिता अंघोळीला जाईपर्यंत वाट बघून. लंगोट, दुधाची बाटली, बिस्किटं. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी कात्री, नारळ, विड्याची पानं आणि नवं टोपडं. वाढदिवसाच्या केकला सुरी लागते. कात्री कशाला? आणि या उन्हात टोपडं कुणाच्या डोक्यावर घालणार?

तिनं लगेच परसात जाऊन जयराजला फोन लावला. "तुझी बायकू पोराचं जावळ म्हायेरात काडाय निगाल्या. मी सांगतीया त्ये ध्यानात ठेव."

पलीकडं कसलातरी खडखडाट चालला होता. "आई, तुजं आपलं कायतरीच," जयराज हसला.

"आवाज कशाचा येतोय रं?"

"गाडीत हाय. ड्युटीवर निगालोय," असं म्हणाला आणि फोन तुटला. मुलगा बायकोच्या बाजूनं हसतो, हे साळूबाईला सगळ्यात जास्त झोंबलं.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. डायनासोर पार्कात वीरधवलनं पहिला अर्धा तास फाटकाजवळच्या पाण्याच्या नळाशीच काढला. नळ सोड, बंद कर, सोड, बंद कर. शिवतेज त्याला उचलून एका लांब मानेच्या प्राण्यापुढं घेऊन गेला, तेवढ्यात आतली कळ दाबली गेली आणि त्या प्राण्यानं डरकाळी फोडली. पोरानं किंकाळी मारली आणि मामाच्या हातातून आजीकडं झेप घेतली. तिच्या गळ्याला असा चिकटला की काढता निघेना. तिकीट काढून पोराला घाबरवायचं, हे कुठलं शहाणपण म्हणायचं? पण मनातून साळूबाई सुखावली. संकट आलं की लेकराला आजीच आठवते, हे सगळ्यांनी बघितलं ते बरं झालं.

दुपारनंतर गाडी पेठ नाक्यावरून सांगलीकडं न जाता उजवीकडं वळली.

"ही वाट कुनीकडं?"

"आजचा मुक्काम शिराळ्याला, आत्ती. सांगितलं हुतं की."

सांगितलं होतं खरं, पण सांगितलं म्हणून वाकडी वाट सरळ होत नाही. शिराळ्याला अंकिताची आई सुलाबाई दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती. पोराला ओवाळलं, त्याच्या शेंड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस लय वाडल्यात की गं. येकदाचं हुंदे आता."

अंकितानं आईकडं बघितलं. आईनं जीभ चावली. साळूबाईनं दोघींकडं बघितलं आणि पोराला सुलाबाईच्या हातातून काढून घेतलं. त्या दिवशी तिनं पोराला दुसऱ्या कुणाकडं दिलंच नाही. जेवली मांडीवर घेऊन, निजली कुशीत घेऊन. त्याच्या दोन्ही शेंड्या मुठीत धरून ठेवल्या, बैलाचा कासरा धरावा तशा.

शनिवारी वाढदिवस. सांगलीच्या वॉटर पार्कात गर्दी मरणाची. उंच घसरगुंड्यांवरून मोठमोठे बाप्ये ओरडत खाली येत होते. वीरधवलला त्यातलं काहीच नको होतं. त्याला एक प्लास्टिकचा लाल मग सापडला होता. लहान मुलांच्या उथळ हौदाकडेला बसून तो मग भरायचा आणि आजीच्या पायावर ओतायचा. "आज्जी, पानी," म्हणायचा आणि खदाखदा हसायचा. साळूबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. क्षणभर तिला वाटलं, उगाचच आपण संशय घेतो. पोरगी हौसेनं घेऊन आली आहे, चार घास गोड खावेत आणि गप घरी जावं.

मग पोरगं दमलं आणि तिच्या मांडीवरच झोपलं. कपडे बदलायच्या खोल्यांमागं सावली होती, तिथं ती त्याला घेऊन टेकली. भिंतीच्या पलीकडून आवाज आले. अंकिता आणि शिवतेज.

"न्हावी उद्या आटला सांगितलाय. पैली बट तूच कापायची हां."

"आत्तींस्नी कळलं न्हाई न्हवं?"

"न्हाई. आत्ताच कळाय बी नको. लय तरास करून घेत्यात."

 म्हणजे आज परत शिराळ्याला नेणार, आणि उद्या सकाळी उरकणार. एकोणीस दिवस पायरीवर कोण बसलं होतं? नवस कुणी बोलला होता? आणि देव का सोडणार आहे? दिलेला शब्द मोडला तर तो घरातल्या कुणावर राग काढेल, हे काय सांगावं? एकाचा जीव त्यानं पेटीतून काढून दिला. दुसरा अजून बर्फातच आहे. उद्या रविवार, खंडोबाचाच वार, हे त्या रागात तिच्या डोक्यातही आलं नाही.

भिंतीपलीकडं जाऊन ती सरळ विचारू शकली असती. पण सासूनं सुनेपुढं जाऊन विचारायचं, आणि सुनेनं पुन्हा गोड बोलायचं, ते तिला नको होतं. अंकिताची पिशवी शेजारीच होती. तिनं वर्तमानपत्र सोडलं, कोरी कात्री काढली. पोराच्या डाव्या कानामागची बट धरली आणि कापली. चांगली बोटभर. पोरगं झोपेत नुसतं ओठ चाटत होतं.

पदराच्या टोकाला बट ठेवून तिनं गाठ मारली. पहिली बट खंडोबाची, ती त्याला पोचेल. आता उद्या तुमच्या देवीपुढं काय कापायचं ते कापा. उष्टं जाईल तिच्याकडं! दोन दिवसांत पहिल्यांदा साळूबाईला गार वाटलं.

संध्याकाळी गाडी शिराळ्याकडं न जाता मिरजेला गेली, थेट रेल्वे स्टेशनवर. साळूबाई काही विचारायच्या आतच गर्दीतून पाठीवर हिरवी पिशवी घेतलेला माणूस पुढं आला आणि तिच्या पायांवर वाकला.

"जया?" साळूबाईचा हात त्याच्या पाठीवरून हलेना. "आरं माज्या सोन्या, कवा निगालास?"

"परवा. तू फोन केलास तवा गाडीतच हुतो. आंकीला म्या सांगितलं हुतं, मी मिरजंत उतरंपर्यंत आईला कळू द्यायचं न्हाई. दोन टायमाला सुट्टी मोडली, तवा तू अन्न सोडलंस. तिसऱ्यांदा तसं नको हुतं." त्यानं पोराला उचललं, पोरानं अनोळखी मिशा बघून भोकाड पसरलं, आणि तो हसत म्हणाला, "उद्या रविवार. पालीला जावळ. आंकीनं समदं ठरवलंय, तुज्या नवसापरमानं."

साळूबाई रडायला लागली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. अंकितानं तिला धरून गाडीत बसवलं, पाणी दिलं.  सांगावं की सांगू नये, याच विचारात इस्लामपूर गेलं, कऱ्हाड गेलं, उंब्रज आलं.  कोण बघणार आहे कानामागचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खंडोबा बघणार होता, ते स्वतःला सांगायचं तिनं टाळलं.

रविवारी आठला पालीच्या देवळाच्या आवारात शिवतेज पाटावर मांडी घालून बसला. मांडीवर वीरधवल, हातात तो लाल मग. वॉटर पार्कातून तो त्यानं सोडलाच नव्हता. अंकितानं विड्याचं पान पुढं धरलं, त्यावर पहिली बट ठेवायची होती. केरबा न्हाव्यानं केस भिजवून शेंड्या सोडल्या आणि डाव्या बाजूला त्याचा हात थांबला.

"आवं, हितं कातर लागल्या की आदीच. ताजी हाय."

शिवतेजनं बघितलं. जयराजनं वाकून बघितलं. मग तो हळूच ताठ झाला आणि बायकोकडं वळला.

"आंके, शिराळ्यात काय झालं?"

"कुटं काय झालं?"

"मंग ह्ये काय हाय? तुज्या देवीला आदी दिलंस आन् राह्यल्यालं हिकडं आनलंस?" त्याचा आवाज चढला. "आई फोनवर सांगत हुती तवा म्या हसलो. तिचं खरं हुतं म्हनायचं."

अंकिताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं शिवतेजकडं बघितलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली.  आजूबाजूला लोक जमले होते आणि सगळे तिच्याकडंच बघत होते. साळूबाईनं जयराजची नजर ओळखली. ती तिचीच होती, दोन दिवस ती हीच नजर घेऊन फिरत होती. आता ती मुलाच्या डोळ्यांत जाऊन बसली होती.

"तिला काय बोलू नगंस," साळूबाई म्हणाली. "म्या कापली."

ती पुढं आली. पदराची गाठ सोडायला गेली तर सुटेना. बट हलायला नको म्हणून ती कालचंच लुगडं नेसून आली होती, आणि ओला पदर वाळताना गाठ आवळली होती. शेवटी दातांनी सोडली. सगळ्यांपुढं ती काळी, कुरळी बट तळहातावर पडली.

"मला वाटलं, तुमी दुसऱ्या देवाला देताया. म्हून त्येचं त्येला ठेवलं." तिनं देवळाकडं बघितलं. "उष्टं तुमच्या देवीकडं धाडाय गेले, आन् माज्याच देवापुढं आनलं."

जयराजनं खाली मान घातली. केरबानं वस्तरा पुसता पुसता म्हटलं, "त्येच्याच नावानं काडल्या न्हवं? मग ठिवा पानावर. देव काय आमच्यागत न्हाई."

मग अंकिता बोलली. आवाज चढवून नाही आणि गोडही नाही. "आत्ती, मला नुसतं इचारायचं हुतं की वं."

 तिनं पिशवीला विचारलं होतं, फोनला विचारलं होतं, भिंतीला कान लावला होता. सुनेला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

अंकितानं पान तिच्यापुढं धरलं आणि साळूबाईनं बट त्यावर ठेवली. शिवतेजनं कात्री उचलली. वीरधवलनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि रिकामा मग आजीच्या पायावर उपडा केला.