साडूच्या छातीवरचा नंबर

घोटा दुखवायचाच तर डोंगरावर पळताना दुखवावा, म्हणजे चार लोकांत सांगायला तरी बरं पडतं. मीटरचा घोटा कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवताना गेला. शेवटच्या पायरीवर पाऊल अर्धंच पडलं, आत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि पन्नास किलोमीटर पळून येऊन वर जिना चढणारा हा गडी सांडलेल्या कचऱ्यात बसून राहिला. पुढे कुणी विचारलं की तो "उतारावर" एवढंच सांगायचा. एका पायरीचा का होईना, उतारच तो.

मीटर हे त्याचं टोपणनाव. हातात घड्याळ नसलं तरी प्रत्येक किलोमीटर तो सारख्याच वेळात पळायचा, म्हणून धावणाऱ्या मंडळींनी ते ठेवलं आणि मग बायकोपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घोटा गेल्यावर कंपनीनं त्याला तक्रारी घ्यायला फोनवर बसवलं. सातव्या मजल्यावरची कुणी बाई रडकुंडीला येऊन सांगायची की लिफ्ट बंद आहे, दोनदा जिना चढून आले. मीटर सहानुभूतीनं पत्ता लिहून घ्यायचा आणि मनात म्हणायचा, चढलात ना? नशीबवान आहात.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. सहाचे बारा झाले, बाराचे वीस. हाड शाबूत होतं, तेच वाईट झालं. हाड मोडलं असतं तर प्लास्टर दिसलं असतं आणि लोकांनी हळहळ तरी केली असती. फाटलं होतं ते बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, आणि ते आपल्या सवडीनं जुळून येत होतं. सकाळी पाय जमिनीवर टेकला की पहिली दहा पावलं म्हाताऱ्यासारखी पडायची. तोवर खिडकीखालून कुणी ना कुणी पळत जायचंच. रस्त्यात तो माणसांचे चेहरे बघेनासा झाला, नुसते घोटे बघायचा. बससाठी धावणाऱ्या आजीबाईंचाही त्याला हेवा वाटायचा. तशी कबुली त्यानं कुणाला दिली नाही, पण वाटायचा.

आणि मग साडू आले.

साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचे यजमान. चष्म्याचं दुकान, गोल पोट, गोड बोलणं. दहा वर्षं सासुरवाडीत मीटरचा मान वेगळा होता. सासूबाई त्याचं ताट आधी वाढायच्या, त्याच्या धावण्याच्या गोष्टी निघायच्या आणि साडू दुसऱ्यांदा वाढून घेत मनापासून ऐकायचे. मीटरला साडू फार आवडायचे. आपल्यापुढे पळू न शकणारा माणूस कुणाला आवडत नाही?

घोटा गेल्यावर मीटरला गाडी चालवता येईना, तर साडूंनी आपणहून आठवड्यातून तीनदा त्याला फिजिओबाईंकडे न्यायचं अंगावर घेतलं. आत मीटर जमिनीवर अंथरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा, बोटांच्या चिमटीत गोट्या उचलून वाटीत टाकायचा. बाहेर साडूंना करमायचं नाही. शेजारी एक मैदान होतं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्यांनी चालत एक फेरी मारली. मग दोन. मग पळत.

सहा महिन्यांत साडूंचं पोट गेलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, आणि ती ते सगळ्यांना दाखवायचे. एकदा फिजिओबाईंनी मीटरला डोळे मिटून दुखऱ्या पायावर उभं केलं. तीस सेकंद टिकल्याशिवाय पळायचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम. मीटर अकराव्या सेकंदाला भिंतीवर कलला. न्यायला आलेल्या साडूंनी दारातच बूट काढून गंमत म्हणून तसं उभं राहून बघितलं. चाळीस सेकंद झाले तरी ते उभेच, वर डोळे मिटून विचारतायत, "झाले का हो?" फिजिओबाई हसल्या. मीटरही हसला. घरी आल्यावर त्यानं ती गोट्यांची वाटी लाथेनं उडवली, ती नेमकी दुखऱ्या पायानं.

आता नंबराचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. तळ्याभोवतीची पन्नास किलोमीटरची शर्यत मीटर नऊ वर्षं न चुकता पळत आला होता, आणि दर वर्षी त्याच्या छातीवर सत्तावीस नंबर असायचा. तिथं रीत अशी, की ओळीनं दहा वर्षं पुरी केली की तो नंबर कायमचा त्या माणसाचा. मग तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही, शर्यतीच्या कचेरीतल्या पाटीवर नाव चढतं. मध्ये एक वर्ष जरी चुकलं, तरी मोजणी पुन्हा एकपासून. फक्त आजारपणात, तेही एकदाच, नात्यातलं कुणी तोच नंबर लावून आठ तासांच्या आत शर्यत पुरी करू शकतं. मग साखळी तुटत नाही.

सासूबाईंकडे सगळे जेवायला बसले असताना साडूंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, तुमचा नंबर मी पळतो. मेला तर माझ्यापायी मेला म्हणा, पण बुडू द्यायचा नाही." मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी साडूंच्या पाठीवरून हात फिरवला. मीटरची बायको नवऱ्याकडे बघत राहिली, आता हा उठून मिठी मारेल अशा अपेक्षेनं. मीटर म्हणाला, "बघा बुवा, झेपेल का." त्याला खरं तर ओरडायचं होतं की माझ्या नंबराला हात लावू नका.

म्हणजे बघा. नंबर जगावा म्हणून हा माणूस सहा महिने रात्री झोपला नव्हता. आता तो जगण्याची सोय झाली, तर याच्या पोटात दुखायला लागलं. नंबर मेला तरी चालेल, पण ह्यांच्या छातीवर नको, असं त्याला वाटायचं, आणि असं वाटतं याची लाज वाटायची, आणि लाज वाटून झाली की पुन्हा तसंच वाटायचं.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना साडू तीस किलोमीटर पळून थेट मीटरच्या घरी आले. मीटरनं पहिल्यांदा तीस केले होते, त्यापेक्षा त्यांना दहा मिनिटं कमी लागली होती. बायकोनं पाणी दिलं आणि सहज म्हणाली, "हे बरंय. आमच्याकडे पळून आलं की दिवसभर कपाळाला आठ्या. तुम्ही हसत आलात." ती आत गेली. साडूंनी खिशातून दुकानाचा कागद काढला, ज्यावर ते गिऱ्हाइकांचे नंबर लिहितात, आणि विचारलं की दादा, शर्यत पळायची कशी ते नीट सांगा, मी लिहून घेतो.

पळायची कशी हे मीटरला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पहिले पंचवीस किलोमीटर तळ्याकाठानं, सपाट, सावलीचे. तिथं पाय आपोआप सुटतात आणि तिथंच त्यांना आवरायचं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू जायचं. कारण पुढे कातळाचा चढ आहे, ऊन आहे, आणि सुरुवातीला जोरात पळालेला प्रत्येक नवशिका त्या चढावर आडवा होतो.

"पहिल्या पंचविसात जेवढं कमावता येईल तेवढं कमवा," मीटर म्हणाला. "सावली आहे, सपाट आहे, दम धरू नका. चढावर कुणालाच पळता येत नाही. तिथं आधीची कमाई खर्च करायची."

साडूंनी लिहून घेतलं. दुकानातल्या सवयीनं त्यांनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर ना? मीटर म्हणाला, बरोबर. पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं असं म्हणायची सोय होती. दुसऱ्यांदा नव्हती.

तीन आठवडे काही थोडे नसतात. त्यानं एकदा फोन लावलाही. मेहुणीनं उचलला आणि सांगत सुटली की भाऊजी, हे तुमचा कागद पाठ करून बसलेत, दुकानातल्या आरशाला चिकटवलाय. मीटरनं वाचायच्या चष्म्याची काच किती दिवसांत मिळते, ते विचारून फोन ठेवला.

शर्यतीच्या दिवशी त्यानं छत्तिसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर काम मागून घेतलं. चढ संपतो तिथंच ते टेबल. सोबत एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. त्या स्वतः कधी शंभर पावलं पळाल्या नव्हत्या, पण बारा वर्षं तिथं पेले भरत होत्या आणि येणाऱ्याच्या चालीवरून तो शेवटाला पोचणार की नाही ते सांगायच्या. साडेनऊला पंचविसाव्या किलोमीटरवरून फोन आला की सत्तावीस नंबर दोन तास वीस मिनिटांत पार झाला, पहिल्या चाळिसात आहे. मास्तरीणबाईंनी मीटरचं अभिनंदन केलं. पेला भरून वाहायला लागला तरी मीटर जगमधलं पाणी ओततच राहिला. मागच्या नऊ वर्षांत त्यानं स्वतः पंचवीस इतक्या वेगानं काढले नव्हते. हे सुखरूप पोचले तर, असं एकदा त्याच्या मनात आलंच.

अकरा वाजले. पहिले चाळीस गेले, मग शंभर गेले, सत्तावीस नाही. तेव्हा मीटरला बरं वाटलं. सांगायला बरं नाही, पण बरंच वाटलं, उन्हातून येऊन गार पाणी प्यावं तसं. पाऊण तास ते टिकलं. मग माणसं विरळ झाली, मधला रस्ता रिकामा दिसायला लागला आणि मीटर दर दोन मिनिटांनी लंगडत चढाच्या कडेपर्यंत जाऊन खाली बघून यायला लागला.

सव्वाबाराला साडू आले. पळत नव्हतेच, धड चालतही नव्हते. गुडघे बाहेर फेकत, ओठ पांढरे, शर्टावर मिठाचे ओघळ, आणि छातीवर सत्तावीस. मीटर उठला आणि साडू त्याच्या खुर्चीत बसले. दोन पेले प्यायले, तिसरा डोक्यावर ओतला आणि रडायला लागले.

"तुम्ही सांगितलं तस्संच केलं हो दादा," ते म्हणाले. "कमाई केली. पण माझ्या पायांतच काही नाही. तुमचा नंबर बुडवला मी. तुम्ही नऊ वर्षं सांभाळलात, आणि मी…"

मीटरनं आजूबाजूला बघितलं. मास्तरीणबाई पेले रचत होत्या. गप्प राहता आलं असतं. साडूंनी जन्मभर स्वतःलाच बोल लावला असता आणि सासुरवाडीत मीटरचं ताट पुन्हा आधी वाढलं गेलं असतं.

"तुमच्या पायांत सगळं आहे," तो म्हणाला. "मी उलटं सांगितलं. मुद्दाम. सुरुवातीला हळू जायचं असतं. तुम्ही इथं असं येऊन पडावं, म्हणून मी ते सांगितलं."

साडूंना ते समजायला वेळ लागला. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग त्याच्या घोट्याकडे, मग पुन्हा तोंडाकडे. शिव्या दिल्या असत्या तर मीटरनं खाली मान घालून घेतल्या असत्या. त्यांनी एकही दिली नाही. छातीवरच्या चार पिना एकेक करून काढल्या, नंबर टेबलावर ठेवला आणि वारा होता म्हणून त्यावर एक भरलेला पेला ठेवला.

नंबराशिवाय शर्यत पुरी केलेली धरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साखळी तुटली होती. मीटरनं म्हणायला तोंड उघडलं की लावा तो, अजून दोन तास पंचेचाळीस मिनिटं आहेत, पुरेल. पण मागायचं कोणत्या तोंडानं?

साडू खुर्चीच्या हातांवर जोर देत उभे राहिले. म्हणाले, "मी पुढे जाणार आहे. माझ्यासाठी. चौदा राहिलेत. आता कसं जायचं ते सांगा."

मीटरनं सांगितलं. पहिले आठ नुसते चालायचे, भरभर, पळायचा मोह झाला तरी नाही. प्रत्येक टेबलावर मीठ मागायचं, पेलाभरच पाणी. चव्वेचाळिसाला उतार लागतो, तिथं छोटी पावलं टाकत सुटायचं, टाचा आपटायच्या नाहीत. शेवटच्या वळणाला रस्ता संपल्यासारखा वाटतो, संपत नाही, अजून एक किलोमीटर असतो, तिथं खचायचं नाही. नऊ वर्षांत जे काही कळलं होतं ते त्यानं सगळं दिलं, इतकं खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

साडूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ते वळले आणि ज्यांना त्यांनी पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं, त्या मास्तरीणबाईंना विचारलं, "हे बरोबर सांगतायत का हो?"

बाईंनी मीटरकडे न बघता मान डोलावली. म्हणाल्या, बरोबर आहे, तसंच जा.

साडू निघाले. पहिली शंभर पावलं लंगडत, मग जरा सरळ, मग भरभर. ते ज्या चालीनं वळणाआड गेले, ती शेवटाला पोचणाऱ्या माणसाची चाल होती. हे मीटरला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तरी बाई म्हणाल्या, पोचतील हे. मीटरनं रस्त्यावरून नजर काढली नाही. तो अजून जळतच होता.