झोपाळू पियानो

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे चिमणी म्हणतात. चाळिशी उलटली तरी चिमणीच. आमच्या पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात लाकूड आणि तारा माझ्याकडे, पट्ट्या तिच्याकडे. दाबायला पट्टी किती जड, हे बाकीचे लोक पट्टीवर छोटी वजनं ठेवून बघतात. आमच्या बाबांनी ती वजनं कधी दारात येऊ दिली नाहीत. "बोट आहे ना!" म्हणायचे. ते बोट चिमणीला आलं, मला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो.

गेले काही महिने ती सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायची. वाफेत तिचा चेहरा पुसट व्हायचा. लाकडाचा भुसा उन्हात तरंगत राहायचा आणि ती उन्हापासून खुर्ची हळूहळू मागे सरकवत जायची. मग एखादी पट्टी दाबायची. "ताई, हा पियानोही जड झालाय गं." पट्टीच्या पुढच्या टोकात शिशाची टिकली बसवली की ती हलकी लागते. चिमणी टिकल्या बसवत राहिली, पियानोमागून पियानो. मीही बघत राहिले, अर्धवट झोपेत असल्यासारखी.

एक दिवस गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. "माझा पियानो झोपाळू झालाय हो. पट्टी खाली गेली की उठायचं नावच घेत नाही." पाठोपाठ शाळेतूनही तीच तक्रार.

पियानो एकदम आळशी होत नाहीत; पुढच्या टोकात शिसं जास्त झालं की पट्टी वर उठत नाही. मी चिमणीचे हात हातात घेतले. दोन्ही मनगटं, दोन्हीकडची बोटं सारखीच सुजलेली. गालांवर, नाकावर लाली.

"कधीपासून?"

"दुपारी होतात गं मोकळी. ताई, हे बोट गेलं तर माझ्याकडे उरतं काय?"

"जीभ उरते की. ती तर धडधाकट आहे," मी म्हणाले. आतून मात्र पार घाबरले होते.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सांधे दुखायला कारणं पुष्कळ असतात. पण सकाळचा ताठरपणा, उन्हानं येणारी लाली, हा थकवा... ल्युपस असू शकतो. त्यात शरीर स्वतःवरच उलटतं. रक्त, लघवी तपासू, मगच नक्की बोलू. लवकर आलात ते बरं केलंत."

"आणि बोटं?"

"औषधांनी सांभाळता येतात बहुतेकदा. आज शब्द नाही देत."

रिपोर्ट यायचे होते. चिमणीनं गाण्याच्या बाईंचा पियानो परत मागवला आणि एकेक टिकली काढायला बसली.

"ताई, तू दाब."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"दाब गं."

मी दाबली. पट्टी खाली गेली, झटकन वर आली. "मला ठीक वाटतेय."

मग तिनं दाबली. ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले. "मला दगड लागतोय."

"मग परत बसवू टिकली?"

"नको. तुला ठीक वाटतेय ना, म्हणजे बरोबर झालीय," ती म्हणाली, आणि पुढची पट्टी बाहेर ओढली.