तीन बायांचं एकच काळीज

लसादला हल्ली आत्याकडे चहाला थांबायला वेळ नसे. ईदच्या दिवशीसुद्धा आला, खाली मान घालून कुसकुसाची थाळी संपवली, हात पुसले आणि निघाला. बदाम घातलेला चहा शेगडीवरच राहिला. आईबाप गेल्यावर जिने सहाव्या वर्षापासून वाढवलं, मागाखाली अंथरूण घालून निजवलं, शिकवून दवाखान्यातल्या यंत्रावर नेऊन बसवलं, तिच्या डोळ्याला डोळा देईना. आणि हाच लसाद दर गुरुवारी दुआ-पाणी देणाऱ्या शेख झुहैरच्या अंगणात मात्र दुपारपासून हजर. बायांना रांगेत बसव, चपला नीट लाव, पाकिटं गोळा कर. माझ्याकडे यायचं तर याच्या पायात गोळे येतात, आत्या मन्नूबिया शेजारणींना सांगायची, आणि तिथे बघा, वरमाईसारखा मिरवतोय.

मन्नूबिया म्हणजे कैरवान शहराच्या तटाआतली जुनी गालिचेवाली. आठव्या वर्षी मागावर बसली ती साठ वर्षं लोकरीच्या गाठी मारत राहिली. अक्षरओळख बेताची. स्वतःचं नाव आणि आकडे, बस्स. जीभ मात्र अशी की तिच्या दारावरून जाताना गल्लीतले मास्तरही पावलं उचलत.

त्या गुरुवारी शेखचं अंगण गच्च भरलं होतं. स्बीखा, हफ्फूझ अशा आसपासच्या गावांहून बाया आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात पाकीट आणि पाकिटात आपल्याच काळजाचा काळा फोटो. दुखणं सगळ्यांचं एकच. छातीत गाठ निघाली, कापून काढली, किमोने केस गेले, आणि नंतर वर्षभर दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. गाठ परत येऊ नये म्हणून ते द्यायचं, पण काहीजणींचं हृदय त्याने थकतं. म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको काढायचा. छातीवर यंत्र फिरतं, पडद्यावर काळीज दिसतं आणि कागदावर आकडा येतो, पंपिंग किती त्याचा. आकडा उतरला की इंजेक्शन थांबतं, हृदयाच्या गोळ्या सुरू होतात. आणि इंजेक्शन थांबलं की बाईच्या तोंडचं पाणी पळतं, आता गाठ परत आली तर? त्या भीतीवर शेखने आपलं दुकान मांडलं होतं.

बाईने पाकीट दिलं की शेख फोटो उन्हात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि लांब सुस्कारा टाकायचा. मग म्हणायचा, "लेकी, तुझ्या काळजावर बारीक पडदा आलाय. डॉक्टरांना पडदा दिसतो, काळीज दिसत नाही. यंत्राला डोळा एकच. मला देवाने दोन दिलेत, त्यातला एक मी मिटूनच ठेवतो, गर्व होऊ नये म्हणून." मग पितळी वाटीतलं केशराचं पाणी, त्यावर फुंकर, आणि हुकूम की एकवीस दिवस हृदयाच्या गोळ्या बंद, गोळ्यांनी पडदा जाड होतो. एकवीस दिवसांनी वेशीजवळच्या दवाखान्यात जाऊन नवा फोटो काढायचा. "मी सांगतो म्हणून मानू नका," तो म्हणायचा. "यंत्राला विचारा."

या एका वाक्याने त्याने गाव जिंकलं होतं. आजवर एकाही बुवाने यंत्राला विचारा असं म्हटलं नव्हतं. आणि त्या यंत्रावर बसायचा लसाद.

मन्नूबिया शेखला मानत नव्हती. देवाशी माझं रोज पाच वेळा बोलणं होतं, मध्ये दलाल कशाला, असं ती उघड म्हणायची. पण तिची धाकटी लेक वसीला, दोन लेकरांची आई, तिचं पंपिंग बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलं आणि इंजेक्शन थांबलं. घाबरलेली पोर आईला न सांगता शेखकडे गेली. एकवीस दिवसांनी लसादने स्वतः घरी कागद आणून दिला. एकसष्ट. म्हातारीने तो कागद ओठांना लावला, कपाळाला लावला. तिचा विश्वास शेखवर नव्हता, पाण्यावर नव्हता, भाच्याच्या यंत्रावर होता. लसाद खोटं कशाला सांगेल, असं तिनेच गल्लीभर सांगितलं, आणि तिच्या शब्दाखातर आणखी बाया त्या अंगणात गेल्या.

सरकारी इस्पितळात इकोची पाळी दोन महिन्यांनी लागते, म्हणून तिथल्या डॉक्टर उल्फा बाहेरचा कागदही बघत. येत्या शनिवारी एकसष्टचा कागद दाखवायचा आणि इंजेक्शन पुन्हा सुरू, असं ठरलं होतं.

पण वसीलाला गच्चीचा जिना चढवेना. आडवं झालं की दम लागे, म्हणून तीन उशा लागत. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राही. मन्नूबियाने लसादला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, काळीज धुऊन निघतंय आत्या, थोडा थकवा राहणारच. ही भाषा शेखची होती. भाच्याच्या तोंडून ती ऐकताना म्हातारीला कुठेतरी टोचलं.

तर त्या गुरुवारी बऱ्या झालेल्या बायांनी पुढे यावं असं शेखने फर्मावलं. वसीला, शेजारची खमीसा आणि स्बीख्याची अर्बिया, तिघी एका ओळीत उभ्या राहिल्या आणि नव्या बायांना दिसावेत म्हणून त्यांनी आपापले कागद वर धरले. मन्नूबिया त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. समोर ऊन होतं, कागदांच्या आरपार येत होतं. सगळ्यांना पुढची बाजू दिसत होती, तिला पाठ. आणि गालिचा पारखायचा तर तो पाठीवरूनच, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

कागदावर छापलेल्या फोटोत करड्या रंगाचा पंखा, त्यात पांढऱ्या काठाची पिशवी. काठाच्या एका अंगाला तीन ठिपके आणि खाली खाच, शिकाऊ पोरीच्या दोन गाठी सुटाव्यात तशी. वसीलाच्या कागदावर हे होतं. खमीसाच्या कागदावर होतं. अर्बियाच्याही. तीन ठिपके, खाली खाच, त्याच जागी, त्याच मापाची. मन्नूबियाने साठ वर्षांत तीच लोकर, तीच नक्षी घेऊन दोन गालिचे कधी तंतोतंत सारखे उतरवले नव्हते. एका दिवशी हात घट्ट पडतो, एका दिवशी सैल. तंतोतंत सारखा माल फक्त कारखान्यातून येतो. मग देव काय काळजांचा कारखाना चालवतो?

ती ओरडली नाही. पुण्याईचे कागद आहेत गं, चार दिवस माझ्या घरात राहू द्या, असं गोड बोलून तिने तिघींचे कागद मागून घेतले. जन्मात पहिल्यांदा बायांशी खोटं बोलली. घरी उजेडात धरले तेव्हा दिसलं की तिन्ही कागदांची वरची पट्टी कातरीने कापली आहे. इस्पितळाच्या जुन्या कागदावर नाव यंत्राच्या अक्षरात होतं, इथे शाईने हाताने लिहिलेलं. म्हातारीला स्वतःच्या नावापलीकडे वाचता येत नव्हतं, पण शेवटचं अक्षर मांजराच्या शेपटीसारखं वर वळवायची खोड कुणाची ते तिला माहीत होतं. ते अक्षर तिच्या मांडीवर बसून पाटीवर गिरवलं गेलं होतं.

शनिवारी तिने इंजेक्शनच्या आधी तिन्ही कागद डॉक्टर उल्फांच्या टेबलावर ठेवले. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, मला अक्षर येत नाही, नक्षी येते. हे जरा बघा."

डॉक्टरांनी कागद एकमेकांवर ठेवून दिव्यासमोर धरले. रेघेवर रेघ बसली.  पाळीबिळी बाजूला ठेवून वसीलाला स्वतः आत नेलं, छातीवर थंडगार जेली लावली आणि यंत्र फिरवलं. पडद्यावर काळीज हललं. म्हातारीला आकडा सांगायची गरज नव्हती, भोक पडलेला भाता कसा हलतो ते तिने पाहिलं होतं. आकडा आला एकोणचाळीस.

इंजेक्शन अर्थातच रद्द झालं. गोळ्या त्याच घटकेला पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत सापडलंय, या औषधाने थकलेली बहुतेक हृदयं सावरतात, पण वेळ द्यावा लागतो आणि गोळ्या चुकवून चालत नाही. मन्नूबियाने विचारलं, मग शेखच्या सुरुवातीच्या बाया, ज्या बऱ्या झाल्या म्हणून त्याचं नाव झालं? त्यांचे कागद तर इस्पितळाचेच होते, खरे होते, आकडा खरंच वर गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शन थांबलं, गोळ्या पोटात गेल्या, की पुष्कळजणींचा आकडा आपोआप वर येतो, शेखकडे गेल्या नसत्या तरी आला असता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पुढे नाव झालं, तोरा चढला, शेखने गोळ्याच बंद करायला लावल्या. मग आकडे वर जाईनात. तेव्हा कातर लागली.

"आणि मी आज हे कागद दाखवले नसते तर?"

डॉक्टर उल्फांनी चष्मा काढला. "मावशी, मी कागदावर विश्वास ठेवून इंजेक्शन दिलं असतं."

पुढच्या गुरुवारी मन्नूबिया अंगणात सगळ्यांच्या आधी पोचली. कपडे वाळवायच्या दोरीवर तिने तिन्ही कागद चिमट्यांनी ओळीने टांगले. बाया जमल्या तशी एकेकीला पुढे बोलावलं. अक्षर वाचू नका, म्हणाली, ठिपके मोजा. बायांनी मोजले. पुन्हा मोजले. कुजबुज वाढली तसा शेख बाहेर आला, आणि दोरीकडे बघून त्याने जराही न अडखळता हात वर केले. शुद्ध झालेली काळजं एकसारखीच दिसतात, म्हणाला, दूध कुठल्याही गाईचं असो, पांढरंच असतं.

अर्बिया मेंढ्या राखणारी बाई. ती म्हणाली, "दूध पांढरं असतं, शेखसाहेब. पण त्यात पडलेली माशी प्रत्येक भांड्यात त्याच जागी सापडत नाही."

कुणीतरी हसलं, मग बऱ्याचजणी हसल्या. शेखने ते हसू बघितलं आणि क्षणात रंग बदलला. मी फक्त दुआ करतो, म्हणाला, यंत्राचं मला काय कळतं, कागद याने दिलेत. बोट लसादकडे.

लसादच्या हातात बायांची पाकिटं होती. तो हळूच म्हणाला, "आत्या, घरी बोलू."

"घरी तुला वेळ नसतो. इथेच बोल."

मग तो बोलला. एका बाईचा आकडा वर आला नव्हता, ती रडत होती, शेख म्हणाला दिलासा दे, म्हणून एकदाच केलं. त्यातून चार पैसे मिळाले. मग दुसरी आली, तिसरी आली. मी कुणाला विष तर दिलं नाही, आशाच दिली, असं तो दोनदा म्हणाला. खमीसाने विचारलं, मग हे काळीज आहे तरी कुणाचं?

लसादने हातातली पाकिटं खाली ठेवली. "आत्याचं. नवं यंत्र आलं तेव्हा पहिल्यांदा हिलाच झोपवलं होतं. इतकं चांगलं काळीज दुसरं नव्हतं माझ्याकडे."

 मन्नूबियाने एवढंच विचारलं की वसीलाचं तपासलं तेव्हा खरं काय दिसलं होतं.

"त्रेचाळीस."

 मन्नूबियाने आधी बायांकडे तोंड केलं. नमाज पढा, दुआ मागा, पाणी प्या, म्हणाली, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. कुणी चमत्कार दाखवला तर तो पाठीवरूनही बघा. आणि प्रश्न विचारायला लाजू नका, मलासुद्धा विचारा, कारण लसाद खोटं सांगणार नाही हे तुम्हाला मीच सांगितलं होतं आणि तुम्ही ते न तपासता मानलंत.

मग ती भाच्याकडे वळली.

"शेखला मी काही म्हणत नाही. तो खोटं विकायला बसला होता, विकत होता. भरवसा तुझ्यावर होता. माझं काळीज माझ्या लेकीला हवं होतं तर मागायचंस, मी हसत दिलं असतं. तू ते चोरून चिकटवलंस. चूक झाली म्हणू नकोस. चूक न बघता होते. तू त्रेचाळीस बघितलंस आणि एकसष्ट लिहिलंस. आता या बाया उभ्या आहेत. यांना घेऊन इस्पितळात जा आणि एकेकीचा खरा आकडा डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या तोंडाने सांग. ते झालं की माझ्या दारात यायचं नाही. वसीला बरी झाली तरी नाही."